नाचणी-भात तुलनेसाठी व्यक्त जनुकांचे अनुक्रम पुरेसे आहेत का?

वाशीची विद्यार्थिनी: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी नाचणीच्या पानांतील व्यक्त जनुकांचे (म्हणजे तिथे प्रत्यक्ष कार्यरत असलेल्या जनुकांचे) अनुक्रम, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या भाताच्या जनुकसंचाशी (संपूर्ण डीएनए अनुक्रमाशी) जुळवून पाहत आहे. एवढ्यावरून गुणसूत्रांवरील जनुकांची मांडणीही सारखी आहे असे म्हणता येईल का?

ठाणेकर: नाही. हे अनुक्रम संदेशवाहक आरएनएपासून बनवलेल्या सीडीएनएचे (त्या आरएनएच्या डीएनए-प्रतीचे) असल्याने पुनरावृत्त डीएनए (पुन्हापुन्हा येणारे तेच ते तुकडे) बहुतांशी वगळला जातो, हा मोठाच फायदा; परंतु जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हे त्यांतून कळत नाही, त्यासाठी चिन्हके (जनुकाची जागा ओळखण्यासाठीच्या डीएनएतील खुणा) बनवून जनुकीय नकाशावर स्थान निश्चित करावे लागते.

ऐरोलीचा वाचक: शिवाय नाचणी चतुर्गुणित आहे (तिच्यात गुणसूत्रांचे चार संच असतात), दोन उपसंचांतील (दोन वेगळ्या पूर्वजांकडून आलेल्या संचांतील) एकाच जनुकाच्या प्रती एकच समजल्या जाऊ नयेत, म्हणून जुळणीचे निकष कडक ठेवावेत. पानांत न सापडलेले जनुक नाचणीत नाहीच, असे कृपया लिहू नका. ते मुळांत किंवा कणसात व्यक्त होत असेल.