माणूस गुरू का शोधतो?

सातपुडा (धागाकर्ता):
वडील गेल्यानंतर तीन-चार महिन्यांनी माझी आई शेजारच्या काकूंबरोबर एका उपासना केंद्रात जाऊ लागली आणि आता दर गुरुवारी संध्याकाळी ती तिथेच असते. घरी आली की एका जुन्या वहीत ती झालेल्या माळांची नोंद करते: चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी. मी देवधर्म मानत नाही, त्यामुळे सुरुवातीला मला या सगळ्याचा त्रास होत असे. परंतु वहीची पाने भरत गेली तशी तिची उडालेली झोप परत आली, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की बहुतेक माणसे गुरूकडे जातात ती ब्रह्मज्ञानासाठी नव्हे, तर ‘काळजी करू नकोस, मी आहे’ हे वाक्य कोणीतरी अधिकारवाणीने म्हणावे म्हणून. पूर्वी घरातले एखादे वडीलधारे माणूस ते म्हणत असे. आज मुलीचे लग्न, कोर्टाची तारीख किंवा बरा न होणारा आजार मनात घेऊन अक्कलकोटच्या, शेगावच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला ते घरात ऐकू येत नाही. आपणांस काय वाटते?

कातळ:
आधाराची गरज मला मान्य आहे, पण त्या गरजेचेच भांडवल केले जाते. माझ्या काकांना एका महाराजांच्या सेवेकऱ्यांनी ‘आता श्रद्धा ठेवा, गोळ्यांची गरज नाही’ असे सांगितले आणि ते रोज सकाळी पाण्यातून अंगारा घेऊ लागले. पक्षाघात झाल्यावर त्यांच्या कपाटात रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट सापडले; त्यातल्या चारच गोळ्या संपल्या होत्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा गुन्हा ठरवला आहे. असे कलम लिहावे लागले, यावरूनच श्रद्धेच्या नावाखाली काय चालते ते कळते. काकांना मात्र कोणी हात धरून रोखले नव्हते. त्यांनी गोळ्या आपण होऊन बंद केल्या, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

मोगरा:
आपल्या काकांबद्दल वाचून फार वाईट वाटले. तरीही ज्यांनी ते सांगितले त्यांना गुरू म्हणायला माझी तयारी नाही. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे, म्हणून त्या परंपरेतले सांगते. नामदेवांशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलत असे, तरी कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी मडकी ठोकायचे थापटणे हाती घेऊन संतमंडळींची डोकी तपासली तेव्हा नामदेव रागावले आणि कच्चे मडके ठरले. मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. देव भेटला तरी ‘मी’ सुटत नाही, आणि तो आपला आपल्याला दिसत नाही, म्हणून गुरू लागतो. तुकोबांना तर बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला. तिथे मठ नव्हता, देणगी नव्हती, मागे-पुढे करणारे सेवेकरीही नव्हते.

कातळ:
आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी नामदेवांना एवढेच सांगितले की जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. त्यांनी नामदेवांना आपल्या पायांशी बांधून घेतले नाही. आज अनुग्रह घेणाऱ्याचे मडके कोण वाजवून पाहतो? आणि शिष्याने गुरूला वाजवून पाहायचे ठरवले, तर त्याला गुरुनिंदेचे पाप सांगितले जाते.

नदीकाठ:
एक गोष्ट कोणी बोलले नाही. माझ्या सासूबाईंना आयुष्यभर एकटीने घराबाहेर पडण्यासाठी मान्य होईल असे एकच कारण होते, ते म्हणजे सत्संग. मैत्रिणीकडे जाते म्हटले असते तर दहा प्रश्न आले असते. महाराजांकडे जाते म्हटल्यावर सासरे स्वतः रिक्षा बोलावून देत. घरच्यांच्या याच निःशंक विश्वासामुळे बायका आणि लहान मुली अशा ठिकाणी सर्वांत असुरक्षितही असतात. अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल आसारामला जोधपूरच्या न्यायालयाने 2018 मध्ये जन्मठेप दिली. त्या मुलीचे आईवडील त्याचे भक्तच होते.

सातपुडा (धागाकर्ता):
कातळ यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री मी आईला विचारले, की केंद्रातून कोणी मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितले तर तू काय करशील? ती माळ हातात धरून थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘ते असे सांगणारच नाहीत.’ ‘मी बंद करणार नाही’ असे ती म्हणाली नाही. तिची वही बंद व्हावी असे मला अजूनही वाटत नाही. येत्या गुरुवारी मात्र मी तिच्याबरोबर केंद्रात जाणार आहे, आणि तिच्या गोळ्यांचा डबा आठवड्यातून एकदा मी स्वतः भरणार आहे.