मदत हवी आहे: प्राथमिक विज्ञानाची उद्दिष्टं आणि साहित्य यांची जोडी कशी लावता?

मंडळी, जरा अडकलेय. तिसरी ते पाचवीच्या विज्ञानाच्या अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकल्यावर मुलाला काय करता यायला हवं त्याची वाक्यं) एका शीटमध्ये आहेत, सत्तरेक ओळी, आणि दुसऱ्या शीटमध्ये आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून जमवलेलं साहित्य, म्हणजे व्हिडिओ, कृतिपत्रिका, सिम्युलेशन (स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग), कुणीतरी मोबाइलवर काढलेले प्रयोगांचे फोटो, सगळं मिळून तीनशेच्या वर. काम एवढंच की कुठल्या निष्पत्तीला काय वापरायचं ते समोरासमोर मांडायचं, म्हणजे तासाच्या आदल्या रात्री शोधाशोध नको. मीच पुढे होऊन म्हटलं होतं की दोन दिवसांत करून देते, आता तिसरा आठवडा चाललाय :(

आधी सरळ शब्दाने फिल्टर लावला. 'चुंबक' टाकलं, चौदा गोष्टी आल्या, खूश झाले. मग निष्पत्ती नीट वाचली: 'कोणत्या वस्तू चुंबकाला चिकटतील याचा अंदाज बांधतो व तपासून पाहतो.' आणि चौदापैकी अकरा व्हिडिओंत पहिल्याच मिनिटाला कुणीतरी सांगून मोकळं होतंय की लोखंड चिकटतं, लाकूड नाही. मुलाने अंदाज बांधायचा कधी? एक कृतिपत्रिका बरी वाटली, दोन गोलांत चित्रं टाकायची, पण त्यातल्या धातूच्या वस्तू म्हणजे खिळा, टाचणी आणि कात्री, म्हणजे मूल हेच शिकणार की धातू म्हटला की चिकटतो. तांब्याची तार किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कागद एकदाही नाही. थोडक्यात विषय जुळतोय पण क्रियापद जुळत नाहीये.

मग एआयला दोन्ही शीट दिल्या. त्याने पाच मिनिटांत सगळे रकाने भरून दिले, एकही रिकामा नाही, तिथेच शंका यायला हवी होती. 'चंद्राच्या कलांचं महिनाभर निरीक्षण करून नोंद ठेवतो' याच्यासमोर काय, तर चार मिनिटांचं अ‍ॅनिमेशन. चंद्राच्या कलांचं एक चक्र साडेएकोणतीस दिवसांचं, आणि हे चार मिनिटांत उरकतंय. त्यातही पृथ्वीची सावली पडून चंद्र कमी होतो असं दाखवलंय, म्हणजे ग्रहण आणि कला यांची खिचडी.

आणि तो मेणबत्तीचा प्रयोग! बशीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. व्हिडिओत ठासून सांगतात की ऑक्सिजन संपला म्हणून तेवढं पाणी वर आलं. मी घरी तीनदा करून बघितलं, पाणी चढतं ते मुख्यतः ज्योत विझता विझता आणि विझल्यावर, कारण तापलेली हवा गार होऊन आकसते. पण 'ज्वलनाला हवा लागते' या निष्पत्तीला प्रयोग म्हणून तो चांगलाच आहे. ठेवू की काढू? अर्धवट जुळणाऱ्या गोष्टी तुम्ही कशा नोंदवता? आणि एकच साहित्य चार निष्पत्तींना लागू होत असेल तर चारही ठिकाणी टाकता का?

प्रतिसाद १
ताई, तू उलट्या बाजूने सुरू केलंयस. साहित्याची शीट बंद कर. प्रत्येक निष्पत्तीपुढे एक रकाना काढ: मुलाने काय करून दाखवलं म्हणजे मी मान्य करेन की जमलं. तुझ्या चुंबकाच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अंदाज आणि तपासणी, त्या दोन ओळींत तोड. मग साहित्याला २, १ किंवा ०. दोन म्हणजे मूल स्वतः ते करतं, एक म्हणजे फक्त बघतं किंवा ऐकतं, शून्य म्हणजे नुसता शब्द सारखा. एकवाल्यांपुढे कसं वापरायचं ते अर्ध्या ओळीत लिही. मेणबत्तीचा व्हिडिओ आवाज बंद करून दाखव आणि मुलांनाच विचार पाणी नक्की कधी चढलं, झालं की निरीक्षण.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण तीनशेच्या तीनशे गोष्टींना नंबर देत बसू नका, आयुष्य जाईल. एका निष्पत्तीला दोन चांगल्या गोष्टी मिळाल्या की पुढे जा. आणि चार ठिकाणी टाकू नका, जिथे सगळ्यात चपखल बसते तिथे एकदाच, नाहीतर तोच व्हिडिओ तिसरी, चौथी, पाचवी असा दरवर्षी दाखवला जातो, आमच्याकडे झालंय हे.
अजून एक. फेट (PhET) या मोफत वेबसाइटची सिम्युलेशनं मराठीतही मिळतात, विद्युत परिपथाचं मस्त आहे, पण 'बल्ब पेटवून दाखवतो'ला मी त्याला १च देते. बल्बला तार दोन ठिकाणी टेकवावी लागते, एक खालचं टोक आणि एक बाजूचा धातू, हे हातात धरून चारदा चुकल्याशिवाय पोरांना कळत नाही. सिम्युलेशन त्यानंतर.

धागाकर्ती
दोघींनाही खूप खूप धन्स! काल रात्री दहा निष्पत्ती या पद्धतीने करून बघितल्या. तोडल्यावर दहाच्या सतरा झाल्या, त्यातल्या सहांसमोर काहीच नाही, आणि त्या सहाही अशा की ज्यात मुलाला बरेच दिवस काहीतरी बघत राहायचंय. तीनशे गोष्टी जमवल्या पण सगळ्या एका तासात संपणाऱ्या! चंद्रासाठी मी तीस कोरे गोल आणि तारखेला जागा असं एक पान केलंय, ढग असतील तर 'दिसला नाही' लिहायचं. आता रोपाच्या वाढीच्या नोंदीचं पान कुणाकडे आहे का? माझ्याकडे आहेत त्या सगळ्यांत उंचीचा आलेख आधीच छापलेला आहे :|