प्रतिसाद: करडई आणि ‘सॅफ्लॉवर’

करडईच्या ‘सॅफ्लॉवर’ या इंग्रजी नावाची ‘सॅफ्रनला (म्हणजे केशराला) फ्लॉवर जोडलं, झालं सॅफ्लॉवर’ ही फोड ऐकायला छान, पण नाव तसं घडलेलं नाही. इंग्रजीत ते जुन्या इटालियन-फ्रेंच रूपांवरून आलं आणि त्याचं मूळ करडईच्या ‘उस्फुर’ या अरबी नावाकडे नेलं जातं. केशराचं अरबी नाव वेगळंच, ‘झाफरान’. सॅफ्रन आणि फ्लॉवर या शब्दांनी पुढे स्पेलिंग तेवढं आपल्याकडे ओढलं.

करडई आणि केशर यांचा घोळ व्हायला भेसळही कारण. आपल्या सोलापूर-मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पट्टे असतात (जनावर आत शिरत नाही). करडईच्या वाळल्या पाकळ्या केशर म्हणून खपतात. ओळखायचं तर चिमूटभर गार पाण्यात भिजवून उलगडा. करडईची बारीक नळी टोकाला पाच भागांत फाटलेली दिसते, केशराची काडी एका टोकाला कर्ण्यासारखी पसरते. नुसत्या रंगावर जाऊ नका, पाणी दोन्हींचं पिवळंच होतं. करडईतला लाल रंग साध्या पाण्यात उतरत नाही. तो हवा असेल तर आधी गार पाण्याने पिवळा धुऊन काढायचा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लाल उतरवून वर लिंबू पिळायचं. पाणी गरम केलंत तर लाल बिघडतो.