खिडकी नको, नुसती काच बदला
दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांच्या मधे धुकं साचतंय म्हणून अख्खी खिडकी बदलावी का, असं एकाने विचारलंय. घाई करू नका! आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरात हेच झालं होतं. पुसायला जावं तर बोट कोरडंच, ओल मधल्या पोकळीत. कडेचं सील गेलं की दमट हवा आत शिरते. चौकट धड असेल तर फक्त काचेचं युनिट (दोन काचांचा सीलबंद जोड) बदलून मिळतं, आणि लो-ई लेपाचं (उष्णता आत परतवणाऱ्या पातळ थराचं) घेतलं तर जुन्यापेक्षा ऊब जास्त टिकते. आम्ही तेच केलं.

पूर्ण खिडकीच घेणार असाल, तर इंग्लंडमध्ये २०२२ पासून यू-व्हॅल्यू (खिडकीतून किती उष्णता निसटते त्याचं माप) १.४ किंवा कमी, नाहीतर ऊर्जाबचतीचं किमान बी रेटिंग लागतं. फेन्साचं (खिडकी नियमाप्रमाणे बसवल्याची नोंद करणाऱ्या तिथल्या योजनेचं) सर्टिफिकेट मात्र जपून ठेवा, घर विकताना वकील हमखास मागतात.