मदत हवी आहे: चार वर्षांच्या भाचीचं वजन वाढत नाहीये (एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू आहेत)

मंडळी, नवा आयडी काढून लिहितोय. जुन्या आयडीने इथले नात्यातले दोघंतिघं मला ओळखतात.

भाची चार वर्षांची. तिला आणि माझ्या बहिणीला, दोघींना एचआयव्ही आहे. दाजी वारले, त्यानंतरच्या तपासण्यांत कळलं. पोरीच्या गोळ्या ती दीड वर्षाची असल्यापासून सुरू आहेत. बहीण ऊसतोडीला जाते. आधी जोडीने जायची, आता अर्धा कोयता, म्हणजे एकटीच. मुकादमाची उचल अंगावर असल्यामुळे दिवाळी झाली की निघते ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत. गेल्या साली पोरगी तिच्यासोबत फडावर होती. तिथे गोळ्या संपल्या आणि दीडेक महिना खंड पडला. म्हणून यंदा तिला माझ्या आईकडे ठेवलंय, बीड जिल्ह्यात. मी चाकणला कंपनीत, महिन्यातून एक चक्कर होते.

वजन ऑगस्टमध्ये 9.7 किलो होतं, नोव्हेंबरात 10.2, आता जानेवारीतही 10.2. उंची 94 सेंमी. अंगणवाडीताईंनी दंडाला पट्टी लावली तर 11.8 सेंमी, म्हणजे पिवळ्या पट्ट्यात, मध्यम कुपोषण. शेजारचं तिच्याच वयाचं पोरगं 15 किलोचं आहे.

खायला मिळत नाही असं नाही. आई सकाळी पेज देते, दुपारी वरणाचं पाणी आणि मऊ भात, रात्री पुन्हा तेच. "आजारी लेकराला हलकंच द्यावं" हे तिचं म्हणणं. पोरगी चार घास खाते आणि तोंड फिरवते. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरने प्रोटीन पावडरचा डबा आणि लोह-कॅल्शियमचं टॉनिक लिहून दिलं. डबा साडेसहाशेचा, पंधरा दिवसांत संपतो. मी पैसे पाठवतो, पण काट्यावर काही दिसत नाही.

एक नातेवाईक म्हणतात, बीडजवळच्या पालीच्या इन्फंट इंडियात ठेवा, तिथे अशी मुलं सांभाळतात. संस्था चांगलीच आहे, पण पोरीला आजी आहे, मामा आहे. तो विषय नको.

मला विचारायचंय ते असं. डबा चालू ठेवू का? गोळ्यांमुळेच भूक मरते का? आणि अंगणवाडीताईंना खरं सांगावं का? गावात कुणालाच माहीत नाही. कळलं तर पोरीला तिथे बसू देतील का, याची आईला धास्ती आहे.

---

निवृत्त_सिस्टर

दादा, उत्तराआधी माझेच प्रश्न. शेवटचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, ती तपासणी) कधी झाला? तोंडात, जिभेवर पांढरा थर आहे का? घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला? आणि गोळी कोण देतं, कशी देतं, ते बघून सांगा. "वेळेवर देतो" एवढं पुरणार नाही.

हे का विचारते, तर एचआयव्ही असलेल्या लेकराचं वजन अडलं की सगळे ताटाकडे बघतात. पण विषाणू दबलेला नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही. तोंडात बुरशी असेल तर गिळताना दुखतं, म्हणून तोंड फिरवतं. क्षयरोग लपलेला असेल तर अडलेलं वजन हीच पहिली खूण असू शकते, लहान मुलांत खोकला दिसेलच असं नाही. दीड महिन्याचा खंड पडलाय, त्यामुळे व्हायरल लोड पहिला.

दुसरं, डोस. मुलांच्या गोळ्या वजनाच्या टप्प्यावर ठरतात. 6 ते 9.9 किलो एक टप्पा, 10 ते 13.9 दुसरा. तुमची पोरगी मधल्या काळात 10 च्या वर गेलीय. डोस बदलला का, ते एआरटी केंद्रात विचारा. स्वतः बदलू नका.

तिसरं, ते टॉनिक. डॉल्युटेग्रॅविर हे एचआयव्हीचं औषध चालू असेल (आता बहुतेक मुलांना तेच असतं) तर रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियमसोबत दिलं की औषध नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत दोन्ही चालतात. नाहीतर गोळी टॉनिकच्या दोन तास आधी, किंवा टॉनिकनंतर सहा तासांनी.

डबा बंद केलात तरी चालेल. अशा मुलांना प्रथिनांचं प्रमाण इतरांइतकंच लागतं, कमी पडते ती ऊर्जा. धडधाकट असेल तरी दहा टक्के जास्त, आजारपणात वीस-तीस टक्के, आणि खंगलेलं मूल भरून काढायचं तर दीडपट-दुप्पट. पेज आणि वरणाचं पाणी म्हणजे पोटभर पाणी हो! इवलंसं पोट त्यानेच भरतं. त्याच भातात घट्ट वरण आणि चमचाभर तेल-तूप घाला. छोट्या चमच्यात 45 उष्मांक असतात. शेंगदाण्याचा कूट-गूळ, उकडलेलं अंडं, दूध. तीनदा ताटभर नको, पाच-सहा वेळा थोडं थोडं. आफ्रिकेत खंगलेल्या मुलांना जी पाकिटं देतात, त्यातही शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वंच असतात.

दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला, किंवा दंड 11.5 च्या खाली गेला, तर घरी प्रयोग करत बसू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखवा.

---

रानवाटा

गोळ्या उष्ण पडतात. महिनाभर थांबवून गुळवेलीचा काढा द्या, भूक उघडेल. आमच्याकडे अनुभव आहे.

---

निवृत्त_सिस्टर

रानवाटा, गोळ्या थांबवायचा सल्ला इथे देऊ नका. एक खंड पडलाय, त्याचंच निस्तरतोय.

---

कडेचा_बाक

मी जन्मापासून पॉझिटिव्ह, आता चोविसाव्या वर्षात. दादा, एकच विचारतो. तिचं ताट-वाटी वेगळी आहे का? एकटी जेवते का? आमच्या घरी माझी ॲल्युमिनियमची थाळी खिळ्याला टांगलेली असायची. काकू वाईट नव्हती, घाबरायची. मी पटकन दोन घास खाऊन उठायचो, कारण सगळे माझं होण्याची वाट बघत बसलेत असं वाटायचं. उष्ट्यातून, भांड्यातून हे पसरत नाही. आजीला एकदा केंद्रातल्या समुपदेशक ताईंसमोर बसवा. तुमचं-माझं ती ऐकणार नाही.

अंगणवाडीचं म्हणाल तर सांगायची सक्ती नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, सप्टेंबर 2018 पासून लागू. परवानगीशिवाय कुणी दुसऱ्याची स्थिती उघड करू शकत नाही, शिक्षणात भेदभावही करता येत नाही. ताईंना पट्टीवरचा आकडा माहीत आहे, जादा आहारासाठी तेवढं पुरे. अडलं तर 1097 ही एड्सची हेल्पलाइन फुकट आहे. बालसंगोपन योजनेचा अर्जही भरून टाका, वडील नाहीत ना.

---

मूळ धागाकर्ता

शनिवारी गावी गेलो, चार दिवस राहून आलो. सांगतो.

गोळी आईच देते. वाटीत पाणी घेऊन विरघळवते, पोरीला पाजते. मी पहिल्यांदाच बाजूला बसून बघितलं. पोरीने वाटी खाली ठेवली तर तळाला पांढरा गाळ तसाच. आई ती वाटी तशीच घासायला टाकत होती. कुणी सांगितलं असेल तर तिला आठवत नाही, पुन्हा पाणी टाकून हलवून पाजायचं असतं म्हणून. किती दिवस किती गेलं, देव जाणे. टॉनिक सकाळी उपाशीपोटी, त्याच वाटीत, गोळीच्या पाठोपाठ. डोस जुनाच, ऑगस्टमधला. जिभेवर थर आहे.

कडेचा_बाक, ताट वेगळं आहे. स्टीलचं आहे, पण वेगळंच. पोरगी चुलीच्या पलीकडे बसते. मी होतो तेवढे दिवस तिला माझ्या ताटात बसवलं, आई काही बोलली नाही. पहिल्या दिवशी पोरगी ताटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. चौथ्या दिवशी मात्र अंडं अख्खं खाल्लं आणि माझ्यातला शेंगदाण्याचा लाडूही उचलला.

येत्या मंगळवारी केंद्रात न्यायचंय. तोंड दाखवायचं, व्हायरल लोडचं रक्त, डोस, क्षयरोगाची तपासणी, सगळं कागदावर लिहून दिलंय. आईलाही सोबत यायला सांगितलंय. ती "बघू" म्हणाली.

सिस्टर, तेवढ्यापुरतं एक सांगा. आईला घड्याळ कळत नाही. दोन तास-सहा तासांचं तिला कसं समजावू?

---

निवृत्त_सिस्टर

घड्याळ नको. टॉनिक सकाळच्या खाण्याबरोबर, गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर. वेळ बदलायच्या आधी मंगळवारी केंद्रात एकदा विचारून घ्या, बाकीच्या गोळ्यांचंही सोबत ठरवून देतील. आणि वाटीत दुसऱ्यांदा पाणी घालायचं, ते आजीने तुमच्यासमोर एकदा करून दाखवू दे.

आजी मंगळवारी आल्या का, ते इथे लिहा.