मराठाकालीन भित्तिचित्रांवर पीएच.डी. करायची आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार. पुरातत्त्व विषयात एम.ए. झाल्यानंतर वाई व मेणवली येथील वाड्यांमधल्या भित्तिचित्रांवर पीएच.डी. करावी, असे मनात आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. प्रवेश बडोद्याला घ्यावा, दिल्लीला, की पुण्यातच राहावे, आणि अर्जापूर्वी कोणती तयारी करावी, याविषयी जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १:
विद्यापीठाचा निर्णय थोडा बाजूला ठेवून आपण आधी मोडी लिपी शिकायला घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मेणवलीचा वाडा नाना फडणवीसांचा, आणि त्यांच्या कागदांचे मेणवली दफ्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या संग्रहातून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आलेले आहे. चितारी कोण होते, त्यांना मोबदला काय मिळे, रंग कुठून येत, याचा माग काढायचा तर अशा दफ्तरांवाचून गत्यंतर नाही. त्याच्या जोडीला भिंत वाचायलाही शिकावे लागते. पापुद्रा सुटलेल्या जागी गिलाव्याचे थर दिसतात. रंग ओल्या चुन्यावर दिला की वाळलेल्यावर, आधी आखणी केली होती का, हे तिरप्या उजेडात बारकाईने पाहिले तर बरेच उमगते. चित्रकलेच्या पदवीपेक्षा ही नजर अधिक मोलाची आहे.

विषयाला आणखी एक सुंदर बाजू आहे. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता आणि पेशवे दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधी (रेसिडेंट) मॅलेट यांच्या पुढाकाराने निघालेल्या चित्रशाळेत चित्रकार गंगाराम तांबट घडले. त्यांची रेखाटने आज अमेरिकेत येल येथे आहेत. या नव्या वळणाचा वाड्यांतल्या चिताऱ्यांवर परिणाम झाला का, हा प्रश्न प्रबंधाला पुरून उरेल.

बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तो उत्तमच; मात्र आपले कागद व भिंती इकडे असल्याने, या काळाची जाण असलेले मार्गदर्शक मिळाल्यास मी पुण्याला झुकते माप देईन.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत. पात्रतेसाठी एम.ए.ला साधारणतः ५५ टक्के लागतात आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार किमान तीन वर्षे द्यावी लागतात. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आपल्या पुरातत्त्व विषयातूनच द्यावी. तिच्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, त्यामुळे प्रवास व छायाचित्रणाचा भार हलका होतो. वाडा खासगी मालकीचा असेल तेथे छायाचित्रणाची लेखी परवानगी आराखडा सादर करण्याआधीच घ्यावी.