रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना आतील भागांची खात्री कोणत्या सॉफ्टवेअरने करावी?

ग्रंथसखा

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी काही रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे) लॅपटॉप घेण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे. लॅमिंग्टन रोडवरील एका विक्रेत्याने दरपत्रकात ‘आय५ आठवी पिढी, ८ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम, २५६ जीबी एसएसडी’ एवढाच तपशील दिला असून नमुना म्हणून एक यंत्र पाहण्यास पाठवले आहे. त्यावर सीपीयू-झेड हे यंत्राच्या आतील भागांची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर चालवले असता प्रोसेसर आय५ ८२५०यू असल्याचे दिसले. मात्र मेमरीच्या पानावर ३२०० ऐवजी ११९७ मेगाहर्ट्‌झ हा आकडा आला. रॅम सांगितल्यापेक्षा हलकी आहे, असा याचा अर्थ घ्यावा काय? तसेच धनादेश देण्यापूर्वी आणखी कोणती सॉफ्टवेअर चालवून पाहावीत, आणि त्यांतील नेमके काय वाचावे? आमच्याकडे संगणकातील जाणकार कोणी नाही, तेव्हा कृपया सविस्तर सांगावे.

चिपळूणकर_हार्डवेअर

रॅमबद्दल आधी सांगतो, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या वापरकर्त्याला पडतो. डीडीआर प्रकारची मेमरी घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. दरपत्रकात, जाहिरातीत आणि रॅमच्या पट्टीवर हा दुप्पट आकडा छापतात, तर सीपीयू-झेड मूळ ठोक्यांचा आकडा दाखवते. म्हणजे ११९७ ची दुप्पट २३९४, अर्थात व्यवहारात २४००. आता ३२०० का नाही, तर ८२५०यू हा प्रोसेसर डीडीआर४ मेमरी २४०० च्या पुढे चालवतच नाही. पट्टी ३२०० ची असली तरी ती या यंत्रात २४०० नेच चालणार. विक्रेत्याने लिहिलेला आकडा खोटा असेलच असे नाही. तुमच्या उपयोगाचा मात्र तो नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे मागत असल्यास देऊ नयेत.

पट्टी खरोखर कोणती आहे हे त्याच सॉफ्टवेअरमधील एसपीडी या पानावर कळते. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तीत कारखान्यातच पट्टीची क्षमता, बनवणारी कंपनी आणि भाग क्रमांक नोंदवलेला असतो; पुष्कळदा निर्मितीचा आठवडा आणि वर्षही मिळते. काही लॅपटॉपवर हे पान रिकामे दिसते. तेव्हा लगेच संशय घेऊ नये. एचडब्ल्यूइन्फो हे तशाच प्रकारचे दुसरे सॉफ्टवेअर चालवून मेमरीचा विभाग पाहावा.

रात्रपाळी

बाहेरून काही उतरवून घेण्यापूर्वी विंडोजमध्ये असलेले तरी पाहून घ्यावे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात मेमरीवर टिचकी मारली की वेग थेट २४०० असा, दुप्पट करूनच दिसतो, आणि रॅमच्या पट्ट्या बसवण्याच्या खाचांपैकी (स्लॉट) किती भरल्या आहेत तेही कळते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मॉडेलचे नाव आणि बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या सॉफ्टवेअरची) तारीख मिळते. बायोसमधील अनुक्रमांक आणि लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेला क्रमांक जुळतो का, हे अवश्य पाहावे. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की यंत्राचे मूळ मॉडेल आणि वॉरंटीची स्थिती समजते.

अनिरुद्ध_नाशिक

वरील सूचना योग्यच आहेत, फक्त एक भर घालतो. कोणते सॉफ्टवेअर वापरावे यापेक्षा ते सॉफ्टवेअर माहिती कुठून आणते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. विंडोजच्या ‘अबाउट’ पानावर दिसणारे प्रोसेसरचे नाव रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) नोंदीतून येते, आणि ती नोंद संगणक सुरू होताना एखादी छोटी स्क्रिप्ट चालवून बदलता येते. मॉडेल, अनुक्रमांक यांसारखी माहिती बायोसमधील तक्त्यात असते. तो तक्ता कंपनी भरते, आणि काही स्वस्त मदरबोर्डांवर तर ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (यंत्र बनवणाऱ्या कंपनीने भरावे) हे मूळचे वाक्य तसेच राहून गेलेले असते. सीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो प्रोसेसरला थेट विचारतात. त्यासाठी सीपीयूआयडी नावाची आज्ञा प्रोसेसरच्या आतच असते. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमपासून ती चालत आली आहे.

तेव्हा केवळ नावावर न थांबता नावाशी जोडलेले आकडे जुळवावेत. ८२५०यू मध्ये चार कोअर (गणना करणारे स्वतंत्र भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) आणि ६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधीलच छोटी, जलद मेमरी) असली पाहिजे. सातव्या पिढीतील ७२००यू दिसायला त्याच्याच माळेतील मणी, पण त्यात दोनच कोअर आणि ३ एमबी कॅश असते. हा फरक तुमच्यासाठी मोलाचा आहे, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत, एखाददुसरा अपवाद वगळता, इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. विक्रेत्याने सातव्या पिढीवर विंडोज ११ आडमार्गाने बसवून दिले, तरी ते चालताना दिसेल. म्हणून ‘चालते आहे की’ या उत्तरावर समाधान मानू नये.

एचडब्ल्यूइन्फो सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’ हा पर्याय निवडावा आणि काही वेळ यंत्रावर जड काम सोपवावे. यादीत थर्मल थ्रॉटलिंगची ओळ असते. तिथे ‘येस’ दिसू लागले, तर तापमान मर्यादेला भिडल्यामुळे प्रोसेसर वेग कमी करत आहे असे समजावे. जुन्या यंत्रात पंख्यात साचलेली धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) हे त्याचे नेहमीचे कारण असते, आणि विक्रेत्याकडून ते दुरुस्त करून मागणे रास्त आहे.

दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि इन्स्टॉल न करता चालणारी झिप आवृत्तीही मिळते. ती मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी, कारण ही सॉफ्टवेअर प्रशासकाचे अधिकार मागतात आणि असे अधिकार कुठल्याही भलत्या फाइलला देणे धोक्याचे आहे.

सौ. देशपांडे

प्रोसेसर क्वचितच बिघडतो. झिजते ती डिस्क आणि बॅटरी. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवावे. त्यातील ‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली, आणि ‘पॉवर ऑन काउंट’ म्हणजे किती वेळा सुरू झाली. एसएसडी असल्यास आरोग्याची टक्केवारीही दिसते. यंत्र अनेक वर्षे कार्यालयात वापरलेले आणि डिस्क मात्र काही तासांची, असे दिसले, तर विक्रेत्याने नवी एसएसडी बसवली असेल. मग तिची कंपनी आणि वॉरंटी लेखी मागावी. हे आकडे पुसताही येतात, हे ध्यानात ठेवावे. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या जात असल्याचे प्रकरण जर्मनीतील हाइझे या प्रकाशनाने उघडकीस आणले. त्यांत नेहमीची नोंद कोरी करून ठेवली होती. डिस्कमधील फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत खरे तास सापडले.

बॅटरीसाठी सॉफ्टवेअर शोधू नये. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून एक जागा सोडावी आणि तिरक्या रेघेला जोडून बॅटरीरिपोर्ट लिहावे (powercfg /batteryreport), म्हणजे अहवालाची फाइल तयार होते. तीत मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर मी नवी बॅटरी घातल्याशिवाय यंत्र घेणार नाही.

ग्रंथसखा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोअर, थ्रेड आणि कॅश जुळले. एसपीडीच्या पानावर ३२०० ची ८ जीबीची एकच पट्टी दिसते आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे. पुढे रॅम वाढवता यावी अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. तो स्लॉट खरोखर असेल, असे गृहीत धरावे काय?

चिपळूणकर_हार्डवेअर

सॉफ्टवेअरवरून गृहीत धरू नये, कारण स्लॉटांची संख्याही त्याच बायोसच्या तक्त्यातून येते. टास्क मॅनेजरमध्ये ‘फॉर्म फॅक्टर’ पाहावा. ‘एसओडीआयएमएम’ असे लिहिले असेल तर पट्टी काढता-घालता येणारी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर मेमरी बोर्डावर डाग देऊन पक्की बसवलेली आहे. शक्य असल्यास विक्रेत्याला समोर तळाचे झाकण उघडून दाखवण्यास सांगावे. त्यात काही गैर नाही. दुसरी पट्टी घालायची ठरली तर २४०० ची पुरते. ती बसवल्यावर सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर चॅनलच्या जागी एकाऐवजी दोन चॅनल (मेमरीकडे जाणारे मार्ग) दिसू लागले की नाही, ते पाहून घ्यावे.